शंभर अंशांचं शून्य कसं झालं

पातेल्यातलं पाणी खळखळ उकळत होतं आणि एलसीडीवर तापमान दिसत होतं शून्य.

दिवसा मी तारापूर एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. संध्याकाळी बोईसरच्या माझ्या खोलीवर पालघर, सफाळे, डहाणूकडची डिप्लोमाची आणि इंजिनिअरिंगची मुलं त्यांचे प्रोजेक्ट घेऊन येतात. त्या संध्याकाळी आलेल्या दोघांनी रिअॅक्टरच्या तापमान नियंत्रणाचं छोटं मॉडेल केलं होतं. बोईसरमध्ये रिअॅक्टर म्हटलं की पाहुण्यांना अणुभट्टी आठवते, पण इथल्या केमिकल कारखान्यांत ज्या बंद भांड्यात रसायनांची प्रक्रिया चालते त्यालाही रिअॅक्टरच म्हणतात, आणि मुलांचा विषय तो होता. एक स्टीलचं पातेलं, एक हीटर, पीटी-१०० सेन्सर, १० बिटांचा एडीसी, ८०५१ जातीचा मायक्रोकंट्रोलर आणि दोन ओळींचा एलसीडी, एवढाच संसार.

"सर, सेन्सर खराब आहे. दोनदा बदलला. गार पाण्यात शून्य दाखवतो, आणि पाणी चांगलं तापलं की मधूनच उणे ३२७६८ दाखवतो."

पीटी-१०० हा प्लॅटिनमचा सेन्सर. शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम असतो आणि १०० अंशांना साधारण १३८.५ ओहम. मल्टिमीटर लावला, आकडा १३८ च्या वर आला. म्हणजे सेन्सर खरं बोलत होता. एडीसीचा काउंटही बरोबर येत होता. त्यांनी सर्किट असं बसवलं होतं की एक काउंट म्हणजे पाव अंश, आणि काउंट चारशेच्या आसपास होता. म्हणजे चूक पुढे, प्रोग्रामात होती.

मी त्यांना कायलचा कंपायलर पुन्हा चालवायला सांगितला. खालच्या चौकटीत आलं, शून्य एरर, एक वॉर्निंग. "वॉर्निंग चालते सर, हेक्स फाइल बनते," एक जण म्हणाला. ती वॉर्निंग होती सी-२०६, मिसिंग फंक्शन प्रोटोटाइप. दोन नवे सेन्सर आणि आठवडाभराची मेहनत त्या एका न वाचलेल्या ओळीमुळे वाया गेली होती.

सी भाषेत प्रोग्राम फंक्शनांनी बनतो. फंक्शन म्हणजे नाव दिलेलं एक काम. तापमान वाच, व्हॉल्व्ह उघड, एलसीडीवर लिही. फंक्शनची व्याख्या म्हणजे ते काम कसं करायचं याच्या सगळ्या ओळी. घोषणा, म्हणजे डिक्लरेशन किंवा प्रोटोटाइप, ही मात्र एकच ओळ असते आणि तिच्या शेवटी अर्धविराम असतो. या फंक्शनचं नाव काय, त्याला आत काय द्यायचं आणि त्यातून बाहेर काय येणार, एवढंच ती सांगते. कारखान्याच्या गेटवर मालाबरोबर डिलिव्हरी चलान येतं तसं हे चलान आहे. आत काय माल आहे ते पिंप न उघडता चलानावरून कळतं, आणि स्टोअरचा माणूस त्यावरून किती पिंपं उतरवून घ्यायची ते ठरवतो.

कंपायलर फाइल वरून खाली वाचत जातो आणि प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे वाचतो. या मुलांनी तापमान वाचणारं फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये लिहिलं होतं, ही सवय चांगलीच. ते फंक्शन आत काही घेत नव्हतं आणि उत्तर फ्लोट, म्हणजे दशांश संख्या, देत होतं. मेन फाइलमध्ये त्यांनी ते नुसतं वापरलं, घोषणा कुठेच केली नाही. मेन फाइल वाचताना कंपायलरला दुसरी फाइल दिसत नाही. त्याच्यापुढे एक अनोळखी नाव आलं आणि तो जुन्या नियमाप्रमाणे धरून चालला की हे फंक्शन इंट, म्हणजे पूर्णांक, देत असणार. तसं त्याने वॉर्निंगमध्ये कळवलंही.

आता ८०५१ च्या आत काय झालं ते बघू. कायलच्या सी-५१ कंपायलरमध्ये फंक्शनचं उत्तर ठरलेल्या रजिस्टरांतून परत येतं. इंट दोन बाइटचा, तो आर-६ आणि आर-७ मध्ये येतो. फ्लोट चार बाइटचा, तो आर-४ पासून आर-७ पर्यंत पसरलेला असतो आणि त्याचा वजनदार भाग आर-४ कडे असतो. शंभर ही संख्या फ्लोटमध्ये लिहिली की हेक्समध्ये चार बाइट होतात ४२, सी८, ००, ००. तापमानाच्या फंक्शनने चारही बाइट नीट ठेवले. मेन फाइलने चलान नसल्यामुळे दोनच उचलले, आर-६ आणि आर-७. त्यात होतं ००, ००. शंभराचं शून्य झालं.

उणे ३२७६८ चं गणितही यातच आहे. १००.२५ चे बाइट ४२, सी८, ८०, ००. शेवटचे दोन उचलले तर ८०, ००, आणि सोळा बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात त्याची किंमत उणे ३२७६८. मग गार पाण्यात हा आकडा का येत नव्हता? कारण ६४ अंशांच्या खाली पाव अंशापर्यंतचा सगळा तपशील फ्लोटच्या वरच्या दोन बाइटमध्येच मावतो आणि खालचे दोन कायम शून्य राहतात. ६४ ओलांडले की पाव अंश खालच्या बाइटमध्ये उतरतो. म्हणूनच मुलांना वाटलं की सेन्सर तापला की बिघडतो. मी वहीवर हे चार बाइट मांडून दाखवले, तेव्हा दोघेही काही वेळ त्या कागदाकडेच बघत राहिले. मग एकाने घोषणा ठेवायची हेडर फाइल उघडली आणि ती एक ओळ लिहिली: फ्लोट, फंक्शनचं नाव, कंसात व्हॉइड, अर्धविराम. पुन्हा कंपाइल केलं. शून्य एरर, शून्य वॉर्निंग. एलसीडीवर ९९.७५ आणि १०० यांच्यामध्ये आकडा हलू लागला.

अनोळखी फंक्शन दिसलं की इंट धरून चालण्याचा हा नियम आला कुठून, असा प्रश्न पडणं योग्य आहे. सी भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेत बेल लॅबमध्ये १९७२ च्या सुमारास घडवली. तिच्या आधीची बी भाषा डेटाचे प्रकार मानतच नव्हती. तिच्या लेखी सगळं म्हणजे यंत्राचा एक शब्द, दुसरं काही नाही. सीमध्ये प्रकार आले, पण ज्याचा प्रकार सांगितला नाही तो इंट, ही बीची सवय उरली. कर्निगन आणि रिची यांचं प्रसिद्ध पुस्तक १९७८ चं. त्या काळच्या सीमध्ये फंक्शनला आत काय द्यायचं हे घोषणेत लिहिण्याची सोयच नव्हती. चुका पकडायला स्टीफन जॉन्सन यांनी लिंट नावाचा वेगळा प्रोग्राम केला. आज आपण लिहितो तो प्रोटोटाइप सी++ कडून उसना घेतला गेला आणि १९८९ च्या प्रमाण सीमध्ये आला. १९९९ च्या प्रमाणाने न सांगता धरलेली घोषणा भाषेतूनच काढून टाकली. तरी कंपायलर जुन्या प्रोग्रामांच्या काळजीने पुढची पंचवीस वर्षं नुसती वॉर्निंग देत राहिले. जीसीसी या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या कंपायलरने २०२४ च्या १४ व्या आवृत्तीत तिला एरर केलं. माझ्या मते हे फार उशिरा झालं.

तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली व्यापारी तत्त्वावर सुरू झाले, तेव्हा सी भाषा जन्मलीच नव्हती. प्रत्येकी ५४० मेगावॅटचे चौथा आणि तिसरा संच अनुक्रमे २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाले. या दोन तारखांच्या मधल्या काळात नियंत्रणाचं जग रिले आणि तारांकडून चिप आणि प्रोग्रामकडे सरकलं. एमआयडीसीतही हेच झालं. आज इथे बॉयलरच्या पॅनलमध्ये, डोसिंग पंपात, सांडपाण्याच्या पीएच मीटरमध्ये, साध्या टेंपरेचर इंडिकेटरमध्येही कुठे ना कुठे मायक्रोकंट्रोलर बसलेला असतो आणि त्याचा प्रोग्राम बहुतेक वेळा सीमध्ये लिहिलेला असतो. ज्या बॅचमध्ये प्रक्रियेतून स्वतःच उष्णता सुटते, तिथे ठरावीक अंशाला वाफ बंद होऊन थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडलाच पाहिजे. तिथल्या इंडिकेटरने शंभराच्या जागी शून्य वाचलं तर तो वाफ चालूच ठेवेल. मुलांच्या पातेल्यातली चूक आणि तिथली चूक यात प्रोग्रामच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही.

आपल्याकडे या चुकीची एक जुनी ओळख आहे. टर्बो सी वापरून शिकलेल्या पिढीला निळ्या पडद्यावरची ती ओळ पाठ असेल, फंक्शन शुड हॅव अ प्रोटोटाइप. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' उशाशी घेऊन शिकलेल्या कित्येकांनी स्क्रीन पुसायचं फंक्शन वापरलं आणि कोनिओची हेडर फाइल जोडायला विसरले, की हीच ओळ यायची. त्यावर उपाय म्हणून वर एक इन्क्लूड चिकटवायचं एवढं हाताला लागलं, पण त्या हेडरमध्ये नेमकं काय असतं हे फार कमी जणांनी उघडून बघितलं. त्यात घोषणाच असतात.

आजची मुलं आर्डुइनोवर सुरुवात करतात. तिथे ही अडचण येतच नाही, कारण आर्डुइनोचं सॉफ्टवेअर तुमच्या स्केचमधली फंक्शनं शोधून त्यांच्या घोषणा स्वतःच वर घालतं. सोय चांगली आहे, पण त्यामुळे घोषणा नावाची काही गोष्ट असते हेच कळत नाही. मग तोच प्रोग्राम आर्डुइनोवरच्या त्याच एव्हीआर चिपसाठी साध्या सीमध्ये, दोन-तीन फाइलींत लिहायला घेतला की गाडी अडते.

एव्हीआरवरची गंमत मी एकदा मुद्दाम करून दाखवतो. इतके मिलिसेकंद थांब, असं एक फंक्शन घ्या. त्याला चार बाइटचा लाँग हवा. दुसऱ्या फाइलमधून, घोषणा न करता, त्याला नुसतं १००० द्या. एव्हीआरवर इंट दोन बाइटचा, त्यामुळे कंपायलर १००० दोनच रजिस्टरांत ठेवतो, आर-२४ आणि आर-२५. फंक्शन मात्र आर-२२ ते आर-२५ अशी चारही वाचतं, आणि आर-२४, आर-२५ हा त्याच्या लेखी वरचा, वजनदार अर्धा भाग. म्हणजे त्याला १००० च्या ६५,५३६ पट आकडा मिळतो, वर खालच्या दोन रजिस्टरांतला जो काही कचरा असेल तो वेगळा. एक सेकंद थांबायचं ते यंत्र १८ तास १२ मिनिटं थांबतं. दिवा एकदा लागतो आणि तसाच राहतो. मुलं म्हणतात, बोर्ड हँग झाला. बोर्ड हँग झालेला नसतो, तो प्रामाणिकपणे १८ तास मोजत असतो.

कंपायलर जे संदेश देतो त्यांतला फरक ओळखता आला की अर्धं काम होतं. इम्प्लिसिट डिक्लरेशन किंवा मिसिंग प्रोटोटाइप असं आलं तर चलान नाहीच. कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स आलं तर चलान आहे, पण त्यावर एक लिहिलंय आणि माल दुसरा आहे. घोषणेत इंट आणि व्याख्येत फ्लोट, असं काहीतरी. कायलमध्ये सी-२६७ आली तर तुम्ही फंक्शनला काहीतरी आत देताय, पण घोषणेत कंस रिकामा आहे किंवा घोषणाच नाही. अनडिफाइन्ड रेफरन्स किंवा अनरिझॉल्व्ड एक्स्टर्नल हा कंपायलरचा नव्हे, लिंकरचा, म्हणजे वेगवेगळ्या फाइली जोडणाऱ्या प्रोग्रामचा संदेश. त्याचा अर्थ चलान आहे पण माल आलाच नाही: फंक्शनची फाइल प्रोजेक्टमध्ये घातलेली नाही, किंवा नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक आहे. अनडिफाइन्ड रेफरन्स आल्यावर घोषणा पुन्हा पुन्हा लिहीत बसणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. तिथे घोषणेने काही होणार नाही.

रिकाम्या कंसाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण तो निरुपद्रवी दिसतो. काहीच आत द्यायचं नसेल तर कंसात व्हॉइड लिहायचं. जुन्या सीमध्ये रिकामा कंस म्हणजे "आत काय द्यायचं ते सांगत नाही", "काहीच द्यायचं नाही" असा त्याचा अर्थ नव्हता. त्यामुळे कुणी चुकून तीन आकडे दिले तरी बहुतेक कंपायलर हरकत घेत नसत. सी-२३ या नव्या प्रमाणात रिकामा कंस आणि व्हॉइड यांचा अर्थ एक झाला. पण आपल्या हातातल्या चिपांचे कंपायलर जुने असतात, म्हणून व्हॉइड लिहायची सवय सोडू नका.

अर्धविरामाचीही दोन दुखणी आहेत. घोषणेच्या शेवटी तो राहिला तर एरर भलत्याच ओळीवर, कधी कधी भलत्याच फाइलमध्ये दिसते, कारण हेडर जिथे संपतं तिथून पुढची ओळ कंपायलरला त्याच वाक्याचा भाग वाटते. उलट, व्याख्येच्या पहिल्या ओळीनंतर सवयीने अर्धविराम पडला तर पुढचा महिरपी कंस कंपायलरला समजत नाही आणि तो तिथे अडतो. एररची ओळ बरोबर दिसत असेल तर तिच्या वरची ओळ बघा.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहितोय ती गोष्ट. घोषणा करणं पुरेसं नाही. ती एकाच ठिकाणी, हेडर फाइलमध्ये असली पाहिजे, आणि ते हेडर दोन्ही फाइलींनी घेतलं पाहिजे. वापरणाऱ्या फाइलने घेतलं पाहिजे हे सगळ्यांना पटतं. पण ज्या फाइलमध्ये फंक्शनची व्याख्या आहे तिनेही स्वतःचं हेडर इन्क्लूड केलं पाहिजे, आणि बहुतेक मुलं इथेच चुकतात. पुढे कधीतरी फ्लोटचा लाँग केला आणि हेडर बदलायचं राहिलं, तर व्याख्येच्या फाइलला हेडर दिसत नसल्यामुळे कंपायलर दोन्ही ताडून बघू शकत नाही. मग घोषणा असूनही चार बाइटांचा अर्थ बदलतो आणि या वेळी वॉर्निंगसुद्धा येत नाही. लिंकरचं मुख्य काम नाव जुळवण्याचं. त्याच्यावर भिस्त ठेवू नका. चलानाची प्रत माल भरणाऱ्याकडेही हवी आणि उतरवणाऱ्याकडेही.

वाहन उद्योगासाठी ब्रिटनमध्ये १९९८ साली तयार झालेल्या मिस्रा सी या नियमावलीत ७१ वा नियम नेमका हाच होता: प्रत्येक फंक्शनला प्रोटोटाइप हवा, आणि तो व्याख्येच्या जागी आणि वापराच्या जागी, दोन्हीकडे दिसायला हवा. २०१२ च्या आवृत्तीत न सांगता धरलेल्या घोषणेला बंदी हा अनिवार्य नियम झाला, म्हणजे त्यातून सूट मागताच येत नाही.

याच्याही एक पाऊल पुढचं काम आपल्या जवळच, मुंबईत झालं आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या बबिता शर्मा आणि एस. डी. धोडपकर आणि आयआयटी मुंबईतले एस. रमेश यांनी २००२ साली इटलीत कटानिया इथे भरलेल्या सेफकॉम्प परिषदेत असर्शन चेकिंग एन्व्हायर्नमेंट हे साधन मांडलं. मिस्रा सीमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामसाठी ते होतं. त्यात प्रत्येक फंक्शनला दोन अटी जोडायच्या: आत येताना काय खरं असलं पाहिजे आणि बाहेर पडताना काय खरं झालेलं असलं पाहिजे. मग फंक्शन त्या अटी पाळतं की नाही हे चाचणी घेऊन नव्हे, तर गणिती पद्धतीने सिद्ध करायचं. आपण घोषणेत फक्त फ्लोट लिहितो. तिथे हा फ्लोट अमुक ते अमुक अंशांमध्येच असेल असंही लिहायचं, आणि ते शाबीत करायचं. घोषणा म्हणजे दोन पक्षांमधला करार आहे, ही कल्पना तिथे पूर्णत्वाला गेलेली दिसते.

आणखी एका जागी कंपायलर तुम्हाला कसलीच सूचना देणार नाही, ती सांगून ठेवतो. इंटरप्टचं फंक्शन तुमचा प्रोग्राम बोलावत नाही, चिप बोलावते. एसटीएम-३२ सारख्या चिपांवर या फंक्शनांची नावं स्टार्टअप फाइलमध्ये आधीच ठरलेली असतात आणि प्रत्येकाच्या मागे एक रिकामं, कायम फिरत राहणारं बदली फंक्शन ठेवलेलं असतं. नावात तुमच्याकडून एक अक्षर चुकलं तर ते नवं, कुणीच न बोलावणारं फंक्शन ठरतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. इंटरप्ट आला की चिप त्या बदली फंक्शनमध्ये शिरते आणि तिथेच अडकते. एव्हीआरचा जीसीसी निदान नाव चुकल्यासारखं वाटतं असं म्हणतो, इथे तेही नाही. फाइलचं नाव सीपीपी केलं आणि एक्स्टर्न सी लिहायचं राहिलं तरी हेच होतं, कारण सी++ नावावर स्वतःचे शिक्के मारतं. म्हणून इंटरप्टचं नाव हाताने टाइप करू नका, स्टार्टअप फाइलमधून कॉपी करा.

पालघर जिल्ह्यातल्या ज्या मुलामुलींच्या टेबलावर आज एखादा बोर्ड पडला असेल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. जीसीसी वापरत असाल तर न सांगता धरलेल्या घोषणेला एरर मानण्याची सूचना मेकफाइलमध्ये आजच घाला. कायल वापरत असाल तर शून्य वॉर्निंग आल्याशिवाय हेक्स फाइल चिपमध्ये भरू नका. आणि सेन्सर बदलायला स्टेशनजवळच्या दुकानात जाण्याआधी ती खालची चौकट वाचा.